ब्राची साइज: एक तक्ता ३४ए म्हणतो, दुसरा ३०डीडी. मदत हवी आहे (तातडीने)

घाईत_आहे
घरी टेपने मोजलं. खाली ३०, वर ३४.५. एका साइटच्या तक्त्यात ३४ए येतंय, दुसरीकडे ३०डीडी. एकीकडे ए आणि एकीकडे डबल डी, म्हणजे काय समजायचं माणसानं? सेल आज रात्री संपतोय. कोणती घेऊ तेवढं सांगा. 'दुकानात जाऊन विचार' नको, तिथूनच पळून आलेय.

काटकसरी
इंच की सेंमी? सध्या कोणती वापरतेस?

घाईत_आहे
इंचच हो, ३० सेंटीमीटर कोण असतं! सध्या ३६बी.

चिंचगुळ
बाळ अंगावर पितंय का? तसं असेल तर वायरवाली अजिबात घेऊ नकोस, मऊ आणि पुढून उघडणारी घे. मी दोन साइज मोठ्याच घेतल्या होत्या.

घाईत_आहे
लग्नसुद्धा झालेलं नाही, ताई.

शिवणटिपण
दोन्ही तक्ते आपापल्या हिशेबानं बरोबर आहेत. पहिला जुन्या पद्धतीचा, खालच्या मापात ४ मिळवतात. ३० आणि ४, चौतीस. वर ३४.५, फरक अर्धाच इंच, म्हणून ए. दुसरा काही मिळवत नाही. पट्टा ३०, फरक साडेचार, आणि इंचाला एक अक्षर: १ ला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी, ५ ला डीडी. हल्लीच्या पट्ट्यात इलॅस्टिक भरपूर असतं, त्यात आणखी ४ मिळवले की पट्टा सैलच होणार. भार छातीखालच्या पट्ट्यानं घ्यायचा असतो, खांद्यांनी नाही. तुझी ३६ची मागून वर चढते का?

घाईत_आहे
चढते ना! स्ट्रॅपही घसरतात, मी त्या आखूड करत बसते.

मावशीबाई
आम्ही जन्मभर ४ मिळवूनच घेतल्या, काही बिघडलं नाही. घट्ट पट्टा लावून अंगावर वळ उठवून घ्यायचे का आता?

शिवणटिपण
मावशी, तुमचं खालचं माप किती?

मावशीबाई
मोजायचं कशाला? दुकानदार बघूनच सांगतो.

काटकसरी
हेच ते! तो गल्ल्यावरून नजरेनं ३६ म्हणतो, आपण मान खाली घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं उचलतो. घालून बघायची सोय नाही, बदलून मिळत नाही. ३० तर त्यांच्याकडे नसतेच, मग ३४, ३६ गळ्यात मारतात.

मावशीबाई
आमचा दुकानदार सज्जन आहे हो. सुनेलाही तिथूनच घेते.

निशिगंध
सुनेला विचारून घेता ना?

रानजाई
मी जर्मनीत असते. इथे ७०, ७५ असे आकडे बघून दचकू नका, ७५ म्हणजे आपली ३४. आणि ब्रा मशीनमध्ये टाकत असाल तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत. ड्रायरला तर अजिबात नको, इलॅस्टिक मरतं.

घाईत_आहे
धुण्याचं नंतर बघू हो. ३२, ३४ की ३०??

शिवणटिपण
मोजताना अंगात काय होतं?

घाईत_आहे
रोजचीच. पॅडेड टीशर्ट ब्रा.

शिवणटिपण
मग वरचं माप फोमचंही आलं. बिनपॅडची पातळ घाल नाहीतर काहीच नको. आरशासमोर उभी राहा, टेप पाठीवर खाली घसरते, ती सगळीकडून जमिनीला समांतर हवी. खालचं माप श्वास सोडून, टेप आवळून. वरचं सगळ्यात भरीव जागी, टेप नुसती टेकवून, दाबायची नाही. जुनी टेप असेल तर आधी स्टीलच्या पट्टीवर ताडून बघ, वापरून लांबलेली असते.

निशिगंध
उभं राहून नाही, कमरेत वाकून मोजायचं. मला वाकूनच बरोबर साइज मिळाली.

शिवणटिपण
छाती जड किंवा ओघळलेली असेल तर वाकून बरोबर येतं. हिला फार फरक पडू नये.

चिंचगुळ
पाळी जवळ आली असेल तर आज मोजूच नकोस, फुगलेलं असतं.

घाईत_आहे
टेप ठीक आहे, पाळी होऊन गेली. आता खाली ३०च, वर ३३.५. बोला.

शिवणटिपण
साडेतीन. म्हणजे ३०सी आणि ३०डी यांच्या मधे. मी डी धरीन, कप कापत नाही. ३०डी मिळत नसेल तर ३२सी. पट्टा एक घर वर गेला की कप एक अक्षर खाली येतो, कपातली जागा तेवढीच. नवी असताना सगळ्यात सैल हुकावर घट्ट बसायला हवी; सैल पडत जाईल तसे आतले हूक. मागे पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

निशिगंध
३०च्या अंगाला ३२चा पट्टा म्हणजे परत वर चढणार, लिहून ठेवा. ३०च शोध.

शिवणटिपण
आज रात्रीत?

घाईत_आहे
३०डी स्टॉकमध्ये नाही, बघितलं. ३२सी एकच टाकली, बाकीच्या कार्टमधून काढल्या. धन्यवाद शिवणटिपण.

काटकसरी
सेलमधली परत घेतात का वाचलंस ना? बऱ्याच ठिकाणी अंतर्वस्त्रं परत घेत नाहीत.

मोगरा_२
माझं खाली ३५ येतं. विषम आलं तर काय करतात?

शिवणटिपण
३४ आणि ३६ दोन्ही घालून बघायच्या. वरचं माप किती? पॅडेडवर घेतलंय का?