जुन्या रायफलीला काडतूस स्वतः भरलं तर ग्रुप खरंच सुधारतो का?

ऊसवाला_वाळवा
नमस्कार मंडळी. वडिलांच्या माघारी त्यांची ३१५ बोर रायफल माझ्या परवान्यावर आली, इशापूरची आहे, डुकरांच्या त्रासामुळं पीक संरक्षणासाठी घेतलेली. मागच्या महिन्यात रेंजवर नेली तर ५० मीटरवर पाच गोळ्या ताटाएवढ्या पसरल्या, नेम टेकवून धरला होता तरी. माझा चुलतभाऊ कॅनडात असतो, त्याच्याकडं दुसऱ्या महायुद्धातली ३०३ ली एनफिल्ड आहे, तो मारलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतो आणि घरीच काडतुसं भरतो, १०० यार्डावर ग्रुप, म्हणजे सगळ्या गोळ्यांचा घोळका, दोन इंचात येतो म्हणतो. नुसत्या काडतुसानं एवढा फरक कसा काय पडतो? आणि आपल्याकडं हे करता येतं का? वडील असते तर त्यांनाच विचारलं असतं.

मिरजेचा_ओंटारियोत
दादा, मी पण इकडं गेली आठ वर्षं ३०३ साठी भरतोय म्हणून सांगतो. या रायफली लढाईसाठी केलेल्या, खंदकातल्या चिखलानं माखलेलं काडतूस पण आत जायला पाहिजे म्हणून चेंबर, म्हणजे नळीच्या मागं काडतूस बसतं ती जागा, मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं. ३०३ चं काडतूस बुडाच्या कडेवर अडकून बसतं, त्यामुळं पुढं जिथं ते निमुळतं होतं त्या खांद्यापाशी मोकळी जागा राहिली तरी गोळी सुटते. पण सुटताना पितळ फुगून त्या चेंबरचा आकार घेतं, आणि ती पुंगळी परत साच्यात घालून कारखान्याच्या मापाची केली की दर वेळी बुडाच्या जरा वर पितळ ताणत जातं आणि काही बारानंतर तिथंच तुटतं. म्हणून आम्ही नुसती मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, दाबून घेतो, बाकी अंग तसंच ठेवतो, मग ती पुंगळी त्याच एका रायफलीची होते, दुसरीत बसेलच असं नाही. मी दर वेळी वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवून बघतो, बुडापाशी खाच लागली की पुंगळी भंगारात.

दुसरं म्हणजे नळी. नाव ३०३ असलं तरी आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, त्यांच्या तळाचं माप ०.३११ इंचाच्या पुढंच असतं, आणि लढाईच्या घाईत बनलेल्या नळ्यांत ते अजून सैल सापडतं, काहींना तर पाचाऐवजी दोनच आटे. मऊ शिशाचा गोळा नळीतनं ढकलून मायक्रोमीटरनं मोजायचा, मग गोळीचं माप ठरवायचं. सैल नळीत सपाट बुडाची गोळी बरी चालते, मागून दाब आला की तिचं बूड फुगून आटे धरतं, निमुळत्या बुडाची तशी धरत नाही. माझा ग्रुप पाच इंचावरनं अडीचवर आला तो बहुतेक एवढ्यानंच. दारू छापील पुस्तकाच्या कमीत कमी आकड्यापासनं, प्रत्येक वजन काट्यावर, आणि कुणी बोलायला आलं तर हात थांबवायचा. एनफिल्डचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, मागच्या बाजूला अडकतो, पुढं नाही, त्यामुळं दाब चढला की ॲक्शन, म्हणजे तो बोल्ट धरणारी लोखंडी यंत्रणा, ताणते आणि पितळ अजूनच लवकर मरतं. वेगाच्या मागं लागायचं नाही.

माजी_आर्मरर_अपशिंगे
बाळा, आधी कायद्याचं ऐक. आपल्याकडं काडतूस बनवायला १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, तुझा हत्यार बाळगायचा परवाना त्याला चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा फार कडक झाली आहे. भावाचं त्याच्या देशात ठीक, तू पुंगळीला हात लावू नको.

आता रायफलीचं. तुझ्या ३१५ ची ॲक्शन एनफिल्डच्याच घराण्यातली आहे आणि तिचं दुखणं मी पलटणीत शेकड्यानं बघितलंय, दहातल्या सात वेळा लाकूड. ॲक्शन जिथं मागं लाकडावर टेकते ती जागा दणक्यानं दबते, तेलानं मऊ पडते, आणि आपल्या पावसात लाकूड फुगून उन्हाळ्यात आक्रसलं की पुढचा स्क्रू ढिला. मग प्रत्येक गोळीला नळी वेगळ्या जागी बसते, काडतूस सोन्याचं घातलं तरी काय उपयोग. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघ आणि तो स्क्रू तपास. नळीचं तोंड भिंगाखाली बघ, आयुष्यभर त्या बाजूनं फुलतरू, म्हणजे नळी पुसायची चिंधी बांधलेली दोरी, ओढली असेल तर कड एका अंगानं घासलेली दिसंल. वाकडी दिसली तर परवानाधारक गनस्मिथकडंच ने. आणि काडतुसं एकाच लॉटची घे, दोन लॉट मिसळून कधी ग्रुप बघू नये.

यवतेश्वर_सातारा
काका, जुन्या काडतुसांनी नळी गंजते म्हणतात, नुसतं तेल पुरतं का?

माजी_आर्मरर_अपशिंगे
नाही पुरत. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतनं, म्हणजे बुडाला ठिणगी देणाऱ्या भागातनं, मीठ राहतं, ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. चांदमारी झाली की आम्ही उकळतं पाणी नळीतनं ओतायचो, मग कोरडी चिंधी, मग तेल. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही.

ऊसवाला_वाळवा
काका, पुढचा स्क्रू पाऊण फेरा ढिला निघाला आणि डब्यात तीन वेगवेगळ्या सालांची काडतुसं होती, वडिलांनी थोडीथोडी आणलेली. काल एकाच लॉटची पाच मारली, चार गोळ्या मुठीत आल्या, एकच तेवढी वर गेली. पहिलीच गोळी होती ती, थंड नळीतली.

माजी_आर्मरर_अपशिंगे
नळीत तेल होतं का? पुढच्या वेळी मारायच्या आधी कोरडी चिंधी फिरव आणि पहिली गोळी कुठं लागते ते कागदावर लिहून आण. तीन वेळचे कागद झाले की बोलू.