मदत हवी आहे: छोट्या विद्यापीठात रिसर्चचं वातावरण कसं तयार करायचं?

मंडळी, आमचं विद्यापीठ अगदीच छोटं, शिकवण्यातच सगळा वेळ जातो आणि आता वरून आदेश आलाय की रिसर्च वाढवा आणि समाजाशी नातंही जोडा, आणि ते काम आलंय माझ्या गळ्यात. पहिला उपाय म्हणून कमिटी झाली (दुसरं काय होणार!), दोन मीटिंगा झाल्या, पुढे सगळं थंड.

मला वाटतं दोन्ही कामं वेगळी धरली की दोन्ही बोंबलतात. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये 'सायन्स शॉप' निघाली, म्हणजे लोकांनी, संस्थांनी आपला प्रश्न घेऊन यायचं, पाण्याचा, प्रदूषणाचा, कशाचाही, आणि विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या हाताखाली त्यावर अभ्यास करायचा, तोच त्यांचा प्रोजेक्ट. असं काही छोट्या जागी कुणी चालवलंय का? माझी खरी अडचण अशी की सेमिस्टर चार-पाच महिन्यांत संपतं, मुलं निघून जातात आणि लोकांचा प्रश्न तिथेच राहतो, मग पुढच्या वेळी ते दारात तरी का उभं करतील? सर्व्हे करून गायब होणाऱ्यांना लोक आधीच कंटाळलेत.

दुसरं म्हणजे प्रमोशनला पेपरच मोजतात, लोकांसोबत वर्षभर केलेलं काम कुठल्या रकान्यात टाकायचं? तुमच्याकडे याला पॉइंट्स किंवा शिकवण्याच्या तासांत सूट मिळते का, आणि ते वरच्यांच्या गळी कसं उतरवलंत? फसलेले प्रयोग असतील तर तेही सांगा, उलट तेच जास्त हवेत.