मागच्या मोकळ्या जागेत कुठलं झाड लावायचं (सोसायटी ग्रुप, लातूर)

सेक्रेटरी: नमस्कार सगळ्यांना. पाऊस लागला की मागच्या ओपन स्पेसमधी झाडं लावायचीत. सध्या गुलमोहर आणि कोनोकार्पस (ते परदेशी शोभेचं झाड) ही दोन नावं आलीत. कुणाला काही सुचवायचं असंल तर आजच बोला

ए-१०२ काकू: आमच्या लेकीनं कॅनडाहून मेपलचे फोटो पाठवलेत, पूर्ण झाड लालभडक. आपल्याकडं तसलं काही येतंय का हो सर?

सी-३०१ सर: काकू मेपल इथल्या उन्हात टिकायचं नाही. तिकडं दिवस लहान व्हायलेत अन् गारठा पडायला की जुनी पानं रंग बदलून गळतात. आपल्याकडं पानगळ होते ती पाणी कमी पडतं म्हणून, माघ-फाल्गुनात, अन् खरा रंग येतो नव्या पालवीला. कुसुमाचं झाड बघा मार्च-एप्रिलमधी, लांबून वाटतं फुलंच आलीत, जवळ गेलं की कळतं कवळी पानं हायेत, आधी लाल मग तांबूस मग पोपटी, अन् मे महिन्यात गर्द हिरवं. म्हणजे आपल्याला सावली लागते तवा सावली तयार. फुलांवर मधमाश्या येतात, आंबट फळं पाखरं अन् खारी खातात, लाखेचे किडेसुद्धा याच झाडावर पोसतात. कुसुमच लावा.

बी-२०४: गुलमोहर लवकर वाढतो की सर

सी-३०१ सर: वाढतो, पण लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, खाली गाड्या राहतात आपल्या. अन् ते झाड मूळचं मादागास्करचं, करंज किंवा बहाव्यावर आपली फुलपाखरं अंडी घालतात तसं त्याच्यावर फारसं होत नाही. कोनोकार्पस तर नकोच, तेही परदेशीच.

ए-३०४ मामा: कुसुम लई सावकाश वाढतं म्हणतेत. आमच्या हयातीत सावली होईल का?

सी-३०१ सर: खरंय मामा, सावकाशच वाढतं. म्हणून पार्किंगच्या बाजूला करंज लावू, ते लवकर सावली धरतं, अन् गेटजवळ बहावा. कुसुम मात्र लेकरांसाठी आत्ताच लावून ठेवायचं. दोन-तीन तरी पाहिजेत, नर-मादी फुलं बहुतेक वेगवेगळ्या झाडावर येतात, एकट्याला फळ धरलंच असं नाही. अन् भिंतीपासून अन् वायरींपासून २५-३० फूट लांब, झाड मोठं होतं.

बी-१०१ ताई: पण पाण्याचं काय? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आपल्या गावाला, विसरलात का? झाडं लावायची अन् उन्हाळ्यात वाळवायची, लई वाईट वाटतं

सी-३०१ सर: ताई म्हणून तर देशी झाड म्हणायलोय. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागंल, त्याला इलाज नाही. बुडाशी मातीचा माठ पुरून भरून ठेवला तरी कमी पाण्यात भागतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् पावसात पाणी धरते, म्हणून खड्ड्यात मुरूम अन् शेणखत मिसळा, आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्या.

ए-१०२ काकू: अन् गळलेली पानं झाडायची कुणी? आत्ताच बाई कुरकुर करायलीय

सी-३०१ सर: काकू ती पानं जाळू नका फक्त, त्याच झाडांच्या आळ्यात टाकू. मी स्वतः गोळा करतो रविवारी.

सेक्रेटरी: मग कोनोकार्पस अन् गुलमोहर कॅन्सल. ३ कुसुम, ४ करंज, १ बहावा. रोपवाटिकेत उद्या विचारून येतो, खड्डे या महिन्यातच घेऊ म्हणजे ऊन खाऊन माती मोकळी होईल. माठ कुणाकडं जुने असतील तर वॉचमनच्या खोलीपाशी आणून ठेवा