लंडनमध्ये दोन महिने : मुलांच्या संस्थेत काम आणि भटकंती, दोन्ही जमेल का?

निवांतपाटी
नमस्कार मंडळी. वय २८, पुणे, नोकरी आयटीत. सात वर्षं घाण्याला जुंपून घेतल्यावर एकदाची दोन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. मे-जून लंडनला काढायचा विचार आहे. हॅरोला मावसबहीण असते, त्यामुळे राहायचा प्रश्न नाही. पण नुसतं फिरत बसायचं नाहीये. मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत आठवड्याचे तीन-चार दिवस जावं आणि उरलेले दिवस संग्रहालयं, नाटकं, बाजार यांत घालवावेत असं मनात आहे.

एका एजन्सीने 'मुलांसोबत चार आठवडे' असं पॅकेज सांगितलंय. फी पावणेदोन लाख, राहणं-खाणं वेगळं. व्हिसाचं विचारलं तर म्हणाले, "टुरिस्टवर या, बाकी आम्ही बघतो." घ्यावं का? कोणी केलंय का असं काही?

डॉलिसहिलकर
"बाकी आम्ही बघतो" म्हणणाऱ्याला लांबूनच हात जोडा.

व्हिजिटर (म्हणजे टुरिस्ट) व्हिसावर सेवाकाम करता येतं, पण एकूण ३० दिवसांपर्यंतच, आणि तेही इथल्या चॅरिटी कमिशनकडे (धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा) नोंदलेल्या संस्थेतच. दुसरी गोष्ट लोक वाचतच नाहीत : ते काम तुमच्या भेटीचं मुख्य कारण असता कामा नये. बहिणीकडे आलात, शहर पाहिलंत, जोडीने थोडं काम केलंत, हे चालतं. कामासाठीच आलात तर चॅरिटी वर्कर नावाचा वेगळा व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा असतो, पगार मिळत नाही आणि संस्थेने तुम्हाला स्पॉन्सर करावं लागतं. दोन महिन्यांसाठी कुठली संस्था ती उठाठेव करणार? आठवड्याला चार दिवस म्हणजे आठ आठवड्यांत ३२ होतात. हिशोब आत्ताच करून ठेवा, आणि अर्जात जे आहे तेच लिहा.

पावणेदोन लाख कशाचे, हे मला कळलेलं नाही. इथल्या संस्था फुकट काम करायला येणाऱ्याकडून पैसे मागत नाहीत, उलट बसभाडं देणाऱ्या पुष्कळ आहेत.

चष्मेवाला
पुण्यातली मुलं संपली का? (रागावू नका, खरंच विचारतोय.)

निवांतपाटी
@चष्मेवाला, नाही संपली. कॉलेजात असताना दोन वर्षं दर रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत गणित शिकवायचे. नोकरी लागली आणि सुटलं. लंडन बघायचंच आहे, ते मी समाजसेवेच्या नावाखाली लपवत नाहीये. दोन्ही एकत्र जमलं तर हवंय, इतकंच.

चष्मेवाला
मग ठीक. प्रश्न मागे.

पिंपळपान
थोडं लांबेल, माफ करा.

मी महाराष्ट्रातल्या एका बालगृहात नऊ वर्षं काम केलं. आमच्याकडे दर उन्हाळ्यात परदेशी पाहुणे यायचे. दोन आठवडे, तीन आठवडे. माणसं मनाने चांगली, खूप चांगली. पहिल्या दिवसापासून मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर. शेवटच्या दिवशी रडारड, फोटो, "आय विल कम बॅक". मग पुढचा आठवडा आमचा. सहा वर्षांची एक मुलगी जेवायची नाही, रात्री अंथरूण ओलं करायची, आणि रोज विचारायची, "ती ताई कधी येणार?" तिची आई आधी अशीच सांगून गेली होती. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तीच मुलगी नवीन पाहुणीच्या गळ्यात पाच मिनिटांत पडायला लागली आणि सगळे म्हणाले, किती गोड आहे. मला ते गोड वाटेना. ओळखपाळख नसलेल्या माणसाला इतक्या पटकन बिलगणारं मूल पाहिलं की काळीज चरकतं. पुढे आम्ही पाहुण्यांना मुलांमध्ये सोडणं बंद केलं. हिशोबाची वही, कोठार, रंगकाम, शिक्षकांना संगणक शिकवणं, अशी कामं द्यायला लागलो. निम्मे यायचे थांबले. उरले ते मात्र खरंच उपयोगी पडले.

तुझ्यावर टीका नाही हं. तू लंडनला जात्येस, तिथे अशी बालगृहं दारं उघडून बसलेली नसतात. पण चार आठवड्यांत मुलांशी नातं जोडून देतो म्हणणारं कोणतंही पॅकेज, कुठल्याही देशातलं, घेऊ नकोस. मुलांच्या मागे उभं राहून करायचं काम शोध.

डॉलिसहिलकर
पिंपळपान यांना +१००. त्यात भर : मुलांशी थेट संबंध येणाऱ्या बहुतेक कामाला इथे डीबीएस म्हणजे गुन्हे नोंदींची तपासणी लागते. स्वयंसेवकाला त्याची सरकारी फी नाही, पण वेळ जातो, आणि त्यात इथल्याच नोंदी दिसतात. म्हणून संस्था भारतातला पोलीस दाखला मागू शकते. आणि पासपोर्ट सेवा केंद्र टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्याला तो देत नाही! म्हणजे ती वाट जवळजवळ बंदच. शाळेत वाचनाला मदत वगैरे कामं इथे वर्षभर राहणाऱ्यांसाठी आहेत. माझी बायको डिपेंडंट व्हिसावर (म्हणजे माझी जोडीदार म्हणून) आली तेव्हा तिने केलं, तिला दिवसांची मर्यादा नव्हती.

गोदाकाठ
मी नाशिकची निवृत्त शिक्षिका. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. बाळ झोपलं की करायचं काय? कोपऱ्यावर बर्नार्डोजचं दुकान होतं. ही मुलांसाठीची जुनी संस्था, लोकांनी दिलेले कपडे-पुस्तकं विकून पैसे उभे करते. आत जाऊन विचारलं, तर व्हिसा वगैरे सगळं बघून आठवड्याला दोन सकाळी दिल्या. मागच्या खोलीत वाफेच्या यंत्राने कपडे सरळ करायचे, किंमतीची चिठ्ठी लावायची. इंग्रजी माझं पुस्तकी, पण तिथल्या सत्तरीच्या बाईंनी चहा पाजून पाजून बोलतं केलं. लंडन मला त्या खोलीत जितकं कळलं तितकं बिग बेनपाशी नाही कळलं.

अवांतर : मे महिना आहे म्हणून स्वेटर घरी ठेवून जाऊ नकोस.

वेंबलीची_पूर्वा
काकू, काय सुंदर लिहिलंत.

निवांतपाटी, माझे दोन पर्याय. लिटल व्हिलेज ही बेबी बँक आहे. पाच वर्षांखालच्या मुलांचे कपडे, बाबागाड्या, खेळणी गोळा करून गरजू घरांना देतात. २०१६ पासून लंडनमध्ये आहेत. वयाप्रमाणे कपड्यांचे गठ्ठे लावणं, बटणं तपासणं, डाग बघणं असं काम. नवजात बाळाचे मोजे जोडीने शोधणं म्हणजे काय ते तिथे कळतं. दुसरं फेलिक्स प्रोजेक्ट. दुकानांत उरलेलं चांगलं अन्न शाळा आणि संस्थांना पोचवतात. तिथे एकेक पाळी निवडता येते, म्हणून भटकंतीशी छान जमतं. दोघांनाही आत्ताच ईमेल टाका, तारखा आणि व्हिसा स्पष्ट लिहून. नाही म्हणाले तर निदान वेळेवर कळेल.

आता शहर. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) : सगळी फुकट, फक्त खास प्रदर्शनांना तिकीट. बेथनल ग्रीनचं यंग व्ही अँड ए मुलांसाठी आहे, २०२३ मध्ये नव्याने उघडलं, मोठ्यांनाही जाऊ देतात. प्रिमरोझ हिलजवळ डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर आहे. महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन स्मारक केलंय, ते चुकवू नका. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात उभ्याने नाटक बघायचं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण पाय दुखतात आणि पाऊस अंगावर येतो.

तुमच्या विषयाला धरून एक जागा सांगते. ब्रन्सविक स्क्वेअरचं फाउंडलिंग म्युझियम. थॉमस कोरम या खलाश्याने १७३९ मध्ये राजाची सनद मिळवून टाकलेल्या मुलांसाठी संस्था काढली. मूल ठेवून जाणाऱ्या आया सोबत एखादी खूण ठेवायच्या, पुढे परत न्यायला आल्या तर ओळख पटावी म्हणून. अर्धं नाणं, बटण, एक तर साधं हेझलनट. परत येऊ शकल्या त्या फार थोड्या. तिकीट आहे. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन बाकावर बसून राहिले. शेजारीच कोरम्स फील्ड्स हे मैदान, तिथे पाटी आहे : सोबत मूल असल्याशिवाय मोठ्यांना प्रवेश नाही.

पिंपळपान
ही पाटी आमच्या बालगृहाला हवी होती.

निवांतपाटी
सगळ्यांचे खूप आभार. एजन्सीला नकार कळवला. लगेच फोन आला, पंधरा हजार कमी करतो म्हणे. दोन्ही संस्थांना ईमेल गेले. पिंपळपान ताई, तुमचा प्रतिसाद बहिणीलाही पाठवला. आठवड्याला दोन दिवस धरते, म्हणजे १६ होतात. उरलेला वेळ मनसोक्त भटकंती. स्वेटर घेतेय, काकू.

फक्त ते मैदान बघायला मूल कुठून आणू?

वेंबलीची_पूर्वा
माझा नऊ वर्षांचा आहे, उसना मिळेल. आइस्क्रीम तुमच्याकडून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.