शब्द तेच, अर्थ वेगळे, तरी बोलणं जमतं कसं?

जिज्ञासू: 'लवकर', 'बरंचसं', 'जवळपास झालंय' हे शब्द जो तो आपापल्या मापाने वापरतो. तरी बहुतेक कामं अडत नाहीत. हे जमतं कशामुळे? आणि फसणार असेल तर आधी कळतं का?

अर्थवेध: अर्थ तंतोतंत जुळावा लागतच नाही, हातातल्या कामापुरता जुळला की भागतं. आणि तो बोलता बोलताच जुळवला जातो. हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा प्रयोग पाहा. दोघांच्या मध्ये आडोसा, दोघांपुढे त्याच १२ टॅनग्रॅम आकृत्या, म्हणजे त्रिकोण-चौकोनांचे तुकडे जोडून केलेले आकार. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने त्या क्रमाने मांडायच्या, अशा ६ फेऱ्या. पहिल्या फेरीत वर्णन करणाऱ्याला दर आकृतीमागे सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत ८. आधी 'दोन्ही हात पुढे काढून स्केटिंग करणारी व्यक्ती' असं लांबलचक, शेवटी नुसतं 'स्केटर'. दोघांच्या मनातला स्केटर एकसारखा होता का? तशी गरजच नव्हती. चुकीची आकृती उचलली तर काम लगेच अडतं, म्हणून दुरुस्तीही जागच्या जागी होते.

मोजपट्टी: खरा धोका तिथेच आहे. काही अडलंच नाही तर फरक कळतच नाही. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे असं अहवालात लिहिलं. त्या विश्लेषकांपैकी शर्मन केंट यांच्या मनात साधारण ६५ टक्के होते. नंतर सहकाऱ्यांना विचारलं, तर आकडे २० पासून ८० पर्यंत निघाले. वाक्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं होतं! म्हणून अंदाजाच्या शब्दाशेजारी आकडा लिहा. 'लवकर' नको, 'गुरुवारी पाचपर्यंत'. 'झालंय' म्हणजे लिहून झालंय की तपासूनही, तेही आधीच ठरवा.

जिज्ञासू: आकडाच नसेल तिथे? 'समजलं ना?' असं विचारून घेतो आपण.

टॉवर_मनोरा: त्याचा उपयोग नाही, उत्तर 'हो'च येतं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ या स्पेनच्या बेटावरच्या विमानतळावर एक वैमानिक नियंत्रकाला म्हणाला, 'आम्ही आता टेक-ऑफला आहोत.' म्हणजे धाव सुरू झाली होती. नियंत्रकाला वाटलं, विमान जागेवर तयार उभं आहे. तो 'ओके' म्हणाला, आणि पुढची 'थांबा' ही सूचना रेडिओच्या खरखरीत नीट पोचलीच नाही. विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळलं, ५८३ जण गेले. दाट धुकं वगैरे कारणंही होतीच. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा असं ठरलं, एरवी 'डिपार्चर'. परवानगी मिळाली की ती शब्दशः परत म्हणून दाखवायची.

रोजच्या कामात मात्र शब्दशः नको. तेच शब्द परत आले तर एवढंच कळतं की ऐकू आलं. 'आता तुम्ही पहिल्यांदा काय करणार?' असं विचारा. अर्थ वेगळा घेतला असेल तर पहिल्या पायरीतच दिसतो.