मदत हवी आहे: नुसतं बघून शिकणाऱ्यांचा अभ्यास कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत शिक्षणशास्त्रात एमए करतेय. प्रबंधिकेचा विषय आहे लॅमिंग्टन रोडच्या आसपासचे मोबाईल दुरुस्त करणारे एकमेकांकडून कसे शिकतात हा. बहुतेकांनी कोर्स केलेला नाही. काउंटरवर शिकले, आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिकतात.

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला एकाने बोर्डाचा फोटो टाकला, त्यावर लाल गोल. "शॉर्ट आहे, सापडत नाहीये." पाच मिनिटांत कल्याणहून व्हॉइस नोट: "रोझिनचा (राळेचा) धूर दे. बोर्ड पांढरा पडला की सप्लायने थोडंच व्होल्टेज सोड. जिथलं रोझिन वितळेल तो कपॅसिटर उचल." बाराला अंगठा आला. झाला धडा.

ग्रुपमध्ये दोनेकशे जण, बोलणारे जेमतेम दहा-बारा. पण दोन दिवसांनी ग्रुपवर कधी चकार शब्द न काढलेला एक पोरगा मला काउंटरवर तोच धूर देताना दिसला. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, "असंच. बघून."

माझं घोडं या 'बघून'पाशीच अडलंय. मार्गदर्शक म्हणतात, बोललेलं मोजता येतं, गप्प बसलेल्यांचं काय दाखवणार? मी त्यांना जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या अभ्यासकांची १९९१ची मांडणी दाखवली: नवखा कडेकडेने कामात सामील होत होत शिकतो. तिच्यात लायबेरियातले शिकाऊ शिंपी आहेत. ते आधी बटणं लावतात, बाह्यांच्या कडा दुमडतात, कापड बेततात ते सगळ्यात शेवटी. पण तो शिकाऊ दुकानात डोळ्यांसमोर असतो. माझ्याकडे फक्त मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा.

म्हणून सगळ्यांना सांगितलं, रोज एक व्हॉइस नोट पाठवा, आज काय नवीन बघितलंत? दोघांनी पाठवल्या. बाकीच्यांचं एकच, "मॅडम, गिऱ्हाईक आहे." (चूक माझीच. संध्याकाळी सात ही काय विचारायची वेळ आहे!) याहून बरी पद्धत कोणी वापरली आहे का? की नुसतं काउंटरजवळ स्टूल टाकून बसावं?

दुसरी अडचण परवानगीची. ग्रुप अ‍ॅडमिनने होकार दिलाय, पण तो बाकी सगळ्यांचा होकार कसा धरायचा? शिवाय फोटोंत कधीकधी गिऱ्हाइकाचं नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी दिसते. ती मी झाकतेय, पण सभासदांना प्रत्येकी विचारायला गेले तर अर्धे ग्रुप सोडतील अशी धास्ती आहे.

आणि एक शब्दाचं: या शिकण्याला म्हणायचं काय? 'अनौपचारिक शिक्षण' लिहिलं की वाचणाऱ्याला रात्रीचे वर्ग आठवतात. पुस्तकांत 'सहज शिक्षण' असतं, पण रात्री बारापर्यंत भिंगाखाली मान घालून बसण्यात सहज काय आहे?

असं फील्डवर्क कोणी केलं असेल तर कसं निभावलंत ते सांगा. आराखडा सोमवारी द्यायचाय, त्यामुळे परवानगीचं आधी सांगितलंत तर बरं.