मॉकिंगजे संपलं, पण तो बॉम्ब नक्की कोणाचा होता?

(शेवट फोडलाय, वाचलं नसेल तर इथेच थांबा)

हंगर गेम्सचं तिसरं पुस्तक काल रात्री संपवलं आणि झोपच लागली नाही. नायिका कॅटनिसची बहीण प्रिम जाते तो बॉम्ब कॅटनिसचा जुना मित्र गेल आणि शस्त्रं बनवणारा बीटी यांचा होता का हे शेवटपर्यंत कळतच नाही, कॅटनिस सरळ विचारते तर गेल म्हणतो माहीत नाही, बीटीलाही माहीत नाही, आणि मग डिस्ट्रिक्ट २ मध्ये नोकरीला जातो, झालं! तीन पुस्तकं सोबत असलेला माणूस दोन ओळीत संपवला. आणि बंडखोरांची प्रमुख कॉइन हरलेल्या राजधानीच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या पोरांचे जीवघेणे गेम्स घेऊ म्हणते तेव्हा कॅटनिस चक्क हो म्हणते?? कुणीतरी समजावा प्लीज.

प्रतिसाद १
कॉइनला मारायचं हे तिचं तेव्हाच ठरलेलं होतं. गुलाबांच्या काचघरात कॅपिटॉलचा हरलेला अध्यक्ष स्नो सांगतो ना, की बॉम्ब टाकणारं ते विमान माझं नव्हतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच चालू आहे. गेम्सवर जुने विजेते मत देतात तेव्हा पीटा, ॲनी, बीटी नाही म्हणतात, जोहाना आणि एनोबारिया हो. तिने नाही म्हटलं असतं तर कॉइन सावध झाली असती. तिचा गुरू हेमिच एक मिनिट थांबतो आणि तिच्या बाजूने मत देतो, त्याला कळलंय.

प्रतिसाद २
मला नाही पटत. बहीण डोळ्यासमोर गेलीये, त्या क्षणी तिला खरंच सूड हवा असेल. आणि बॉम्बपेक्षा मला हे छळतं की प्रिम चौदाचीसुद्धा नव्हती, मग तिला आघाडीवर पाठवलं कोणी? वरून सही झाल्याशिवाय असं होत नाही. तिथे पोटात गोळा आला माझ्या.

प्रतिसाद ३
गेलला उत्तर माहीत असतं तरी काय? आधी एक स्फोट, मदतीला माणसं धावली की दुसरा, ही आयडिया त्याचीच, आणि कॅटनिसने ती बंडखोरांच्या डिस्ट्रिक्ट १३ मध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलेली. बॉम्ब कोणाचाही असो, त्याच्याकडे बघितलं की तिला तेच आठवणार.

मूळ प्रश्नकर्ती
हेमिचचा पॅरा परत वाचला, पहिला प्रतिसाद पटला. मग पुढे वाचत गेले तर प्रिमचं ते बटरकप मांजर डिस्ट्रिक्ट १२ च्या घरापर्यंत चालत येतं, कॅटनिस उशी फेकते, ओरडते की प्रिम गेली, आणि मग दोघं मिळून रडतात. रात्री जाग येते तर ते चांदण्यात तिच्याशेजारी राखण करत बसलंय. काल घाईत हे पानच नीट वाचलं नव्हतं मी.